थांबवलेल्या कंत्राटाचा हिशेब: युद्धकाळातील करार संपवण्याचा आणि मिटवण्याचा अधिकार कोणाचा?

1864 च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील यादवी युद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, सैन्याला अन्नधान्य पुरवणाऱ्या सरकारी खात्याने केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे स्पीड नावाच्या व्यावसायिकाशी एक करार केला. सरकारने 50,000 डुकरे पुरवायची आणि स्पीडने ती कापून, मांस खारवून, पिंपांत भरून द्यायचे, असा तो करार होता. स्पीडने जागा घेतली, मीठ आणि पिंपे जमवली, माणसे कामाला लावली. सरकारने सुमारे 16 हजार डुकरे पाठवली आणि मग आपल्याला इतक्या मांसाची गरज उरलेली नाही असे ठरवून उरलेली पाठवलीच नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1868 मध्ये निकाल स्पीडच्या बाजूने लागला. न झालेल्या कामातून त्याला जो फायदा झाला असता तो, वाचलेला वेळ, दगदग आणि जोखीम यांबद्दल वाजवी वजावट करून, सरकारने त्याला द्यावा असे न्यायालयाने म्हटले.

कराराच्या सर्वसाधारण कायद्यानुसार हा निकाल अगदी रास्त आहे. ज्याने शब्द दिला त्याने तो मोडला, तर समोरच्याला करार पुरा झाला असता तर जे मिळाले असते ते मिळावे, हेच त्या कायद्याचे मूळ तत्त्व आहे. परंतु हेच तत्त्व युद्धाला लावले, तर शांतता प्रस्थापित झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारपुढे दोनच मार्ग उरतात. एक तर नको असलेल्या तोफा, बूट आणि विमाने बनवून घेत राहायचे, किंवा न बनलेल्या प्रत्येक वस्तूवरचा नफा तिजोरीतून भरायचा. दोन्ही मार्गांत जनतेचा पैसा वाया जातो. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी अमेरिकेने जवळजवळ 80 वर्षांत, चुका करत आणि सुधारत, जी कायदेशीर व्यवस्था उभी केली ती समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

या व्यवस्थेत दोन वेगवेगळे अधिकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की सगळाच विषय गढूळ होतो. पहिला अधिकार थांबवण्याचा: कंत्राटदाराची काहीही चूक नसताना, केवळ गरज संपली म्हणून काम बंद करण्याची सूचना देण्याचा. दुसरा अधिकार मिटवण्याचा: थांबलेल्या कामाची किंमत ठरवून, पैसे देऊन, प्रकरण कायमचे बंद करण्याचा. थांबवण्याची सूचना एका तारेने देता येते. अवघड असतो तो दुसरा भाग, आणि माझ्या मते या विषयाचे सारे मर्म त्या दुसऱ्या अधिकारातच आहे. कंत्राट देणाऱ्या खात्याला ते थांबवता येते, पण त्याचा हिशेब अंतिम स्वरूपात मिटवता येत नाही, अशी स्थिती असेल तर थांबवण्याच्या अधिकाराला फारसा अर्थ राहत नाही.

अधिकाराचे पहिले न्यायालयीन मूळ

ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील कॉर्लिस स्टीम इंजिन कंपनी नौदलाच्या जहाजांसाठी यंत्रे बनवत होती. युद्ध संपल्यानंतर, 1869 मध्ये, नौदल खात्याने ते काम थांबवले. कंपनी आणि खाते यांनी बसून अर्धवट यंत्रांची किंमत ठरवली आणि यंत्रे सरकारकडे द्यायची असा समझोता केला. पुढे पैसे देण्याची वेळ आली तेव्हा सरकारने हरकत घेतली की, असा समझोता करण्याचा अधिकार नौदल मंत्र्याला कोणत्याही कायद्याने दिलेलाच नाही.

1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत फेटाळली. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी मांडलेला विचार असा होता की, जहाजे आणि शस्त्रे यांत सतत सुधारणा होत असतात, ठरवलेला एखादा भाग मध्येच निरुपयोगी ठरू शकतो, आणि अशा वेळी करारात बदल करणे, तो स्थगित करणे आणि कंत्राटदाराशी हिशेब मिटवणे हे खातेप्रमुखाला करता आले नाही तर सार्वजनिक कामाचे मोठे नुकसान होईल. म्हणजे करार करण्याच्या अधिकाराच्या पोटातच तो आवरता घेण्याचा आणि मिटवण्याचा अधिकार असतो. पुढच्या सगळ्या कायद्यांचा पाया या निकालात आहे. मात्र त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. हा अधिकार समझोत्याचा होता, एकतर्फी नव्हता. कंपनी राजी झाली नसती तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

पहिल्या महायुद्धाचा धडा

एकतर्फी अधिकार आला तो 1917 मध्ये. अमेरिका त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये युद्धात उतरली आणि 15 जून 1917 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना जहाजे आणि युद्धसाहित्य यांची कंत्राटे बदलण्याचा, स्थगित करण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार मिळाला. बदल्यात ‘न्याय्य भरपाई’ द्यायची होती. सरकारने ठरवलेली भरपाई कंत्राटदाराला अपुरी वाटली, तर त्याने तिच्यातील पाऊण रक्कम घ्यायची आणि उरलेल्यासाठी न्यायालयात जायचे, अशी तरतूद होती. या भरपाईत न झालेल्या कामावरचा अपेक्षित नफा येतो का, हा प्रश्न 1923 मध्ये रसेल मोटर कार कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि उत्तर नकारार्थी मिळाले. ज्याला रद्द होऊ शकणारे कंत्राट मिळाले आहे, त्याच्या हातात पूर्ण कंत्राटाच्या नफ्याचा हक्क कधी नव्हताच, असा त्यामागचा तर्क होता. स्पीडचा 1868 चा निकाल आणि हा निकाल यांत जो फरक पडला, तो मधल्या काळात झालेल्या कायद्यामुळे पडला.

पण 11 नोव्हेंबर 1918 रोजी युद्धविराम झाला तेव्हा खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. युद्धाच्या घाईत युद्ध खात्याच्या अधिकाऱ्यांनी असंख्य कामे तोंडी, दूरध्वनीवर किंवा साध्या पत्राने दिली होती. काही करारांवर योग्य अधिकाऱ्याची सहीच नव्हती. कायद्याप्रमाणे करार लेखी आणि दोन्ही पक्षांनी सही केलेला असायला हवा होता, आणि कोषागाराच्या कंट्रोलरने अशा करारांवर पैसे देता येणार नाहीत असा पवित्रा घेतला. ज्या कारखानदारांनी देशाच्या हाकेसरशी, कागद पुरे होण्याची वाट न पाहता यंत्रे बदलली, तेच आता अडचणीत आले, आणि ज्यांनी कागद पुरे होईपर्यंत काम सुरू केले नव्हते ते सुरक्षित राहिले. हा उघड अन्याय होता.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 2 मार्च 1919 रोजी डेंट कायदा करून तो दूर करण्याचा प्रयत्न केला. 6 एप्रिल 1917 ते 12 नोव्हेंबर 1918 या काळात सद्भावनेने केलेले अनौपचारिक करार, कंत्राटदाराने त्यांवर विसंबून काम किंवा खर्च केला असेल तर, मान्य करून त्यांचा हिशेब मिटवण्याचा अधिकार युद्धमंत्र्यांना मिळाला. मागणी 30 जून 1919 पूर्वी मांडायची होती आणि भरपाईत संभाव्य नफा धरायचा नव्हता. कायदा चांगला होता, पण तो युद्ध संपल्यावर आला. दावे वर्षानुवर्षे चालत राहिले. जहाजांच्या संरक्षक चटयांचे कंत्राट थांबवल्याबद्दल कॉलेज पॉइंट बोट कॉर्पोरेशनने लावलेल्या दाव्याचा निकाल 1925 मध्ये लागला. पहिल्या युद्धातील जहाजबांधणीच्या कंत्राटांवर बेथलेहेम स्टीलला किती नफा द्यायचा, या वादाचा निकाल तर फेब्रुवारी 1942 मध्ये, म्हणजे दुसरे युद्ध सुरू झाल्यावर लागला.

दुसऱ्या युद्धात प्रश्नाचे आकारमान का बदलले

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपला जवळजवळ सगळा अवजड उद्योग युद्धाला जुंपला. फेब्रुवारी 1942 पासून नागरिकांसाठी मोटारगाड्या बनवणे थांबले होते. त्यामुळे कंत्राट संपल्यावर कारखान्यात नुसते येणे बाकी राहत नव्हते. जागेवर अर्धवट बनलेले रणगाड्यांचे भाग, सरकारी मालकीची यंत्रे आणि कच्च्या मालाचे ढीग पडलेले असत, आणि ते हलवल्याशिवाय कारखानदार पूर्वीच्या उत्पादनाकडे वळू शकत नव्हता. खेळते भांडवल तर सगळे त्या मालातच अडकलेले असे. पैसे मिळेपर्यंत आणि जागा मोकळी होईपर्यंत कामगार घरी बसणार, हे उघड होते. 1930 च्या दशकातील बेकारी लोकांच्या स्मरणातून गेलेली नव्हती आणि युद्ध संपताच तीच मंदी परत येईल अशी धास्ती सर्वत्र होती.

या धास्तीचे एक ठळक उदाहरण युद्ध चालू असतानाच घडले. मे 1944 मध्ये नौदलाने ब्रूस्टर एरोनॉटिकल कंपनीचे विमानांचे कंत्राट संपवले. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीतील तिच्या कारखान्यातील कामगारांना पुढचे काम हाती नव्हते, आणि त्यांनी कारखाना सोडण्यासच नकार दिला. काम रद्द झालेले, पण कामगार आपापल्या जागी बसून राहिलेले, हे दृश्य वॉशिंग्टनमधील सर्वांना बरेच काही शिकवून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या युद्ध-संघटन आणि पुनर्रचनेच्या कायद्यात मात्र एक कठोर तत्त्वही लिहिले गेले: युद्धासाठी गरज नसलेले कंत्राट केवळ धंदा किंवा रोजगार टिकवण्यासाठी चालू ठेवायचे नाही. मला हे तत्त्व योग्य वाटते, पण ते योग्य ठरते ते एका अटीवर. काम चटकन थांबवायचे असेल, तर पैसेही तितक्याच चटकन दिले पाहिजेत.

अडचण वाढवणारी आणखी एक गोष्ट होती ती पोटकंत्राटांची उतरंड. सरकारचा करार एका मूळ कंत्राटदाराशी असे. त्याने सुटे भाग दहा जणांकडून घ्यायचे, त्या दहांनी आणखी पन्नास जणांकडून. सगळ्यात खालच्या छोट्या कारखान्याचा सरकारशी कोणताही करार नसे. त्याची मागणी वरच्याकडे, वरच्याची त्याच्या वरच्याकडे, अशी एकेक पायरी चढत सरकारपर्यंत पोहोचायची आणि पैसे त्याच वाटेने उलटे यायचे. मधला एखादा दिवाळखोर निघाला तर खालच्याचे पैसे तिथेच अडकायचे.

शेवटचा शब्द कोणाचा

1943 च्या अखेरीस या सर्वाची तयारी सुरू झाली. युद्धविषयक सरकारी कामांचा मेळ घालणाऱ्या, जेम्स बर्न्स यांच्या युद्ध-संघटन कार्यालयाने जॉन हँकॉक यांच्या अध्यक्षतेखाली कंत्राट-समाप्तीचे एक संयुक्त मंडळ नेमले, आणि जानेवारी 1944 मध्ये सर्व खात्यांसाठी समाप्तीचे एकसारखे कलम तयार झाले. पुढच्या महिन्यात वित्ततज्ज्ञ आणि सरकारचे सल्लागार बर्नार्ड बारूक आणि हँकॉक यांचा युद्धोत्तर धोरणाविषयीचा अहवाल आला. पण मूळ वाद अजून बाकी होता.

तो वाद असा. सरकारी खर्च तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसचे प्रमुख, कंट्रोलर जनरल लिंडसे वॉरन यांचे म्हणणे होते की, कंत्राटदाराशी ठरलेली रक्कम अंतिम होण्यापूर्वी आपल्या कार्यालयाला तपासू द्यावी. ज्या अधिकाऱ्याने कंत्राट दिले, ज्याचे त्या कंपनीशी रोजचे संबंध आहेत, तोच भरपाई ठरवणार आणि त्याचा निर्णय कोणीही बदलू शकणार नाही, ही कल्पना त्यांना धोक्याची वाटत होती; पैसे एकदा गेले की परत मिळवणे किती कठीण असते याचा त्यांच्या कार्यालयाला अनुभव होता. याउलट युद्ध खात्याचे उपमंत्री रॉबर्ट पॅटरसन यांचे म्हणणे होते की, लाखो हिशेबांतील प्रत्येक ओळ बाहेरच्या तपासनीसाने तपासायची ठरली, तर पहिल्या युद्धानंतर जे झाले तेच पुन्हा, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर होईल. वस्तू, तिची किंमत आणि काम कुठवर आले आहे हे ज्या खात्याला ठाऊक आहे, त्यानेच कंत्राटदाराशी बोलणी करून रक्कम ठरवावी आणि ती अंतिम असावी. बारूक आणि हँकॉक यांचा कलही झटपट, न्याय्य आणि अंतिम निपटाऱ्याकडेच होता.

वॉरन यांची चिंता खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. युद्धकाळातील नफेखोरी ही काल्पनिक गोष्ट नाही. पण त्यांच्या उपायाची किंमत प्रामाणिक कंत्राटदारांनी आणि त्यांच्या कामगारांनी मोजली असती. थोड्या लबाडांना पकडण्यासाठी सर्वांचे पैसे वर्षानुवर्षे अडवून ठेवायचे, की सर्वांना पैसे देऊन नंतर लबाडांच्या मागे लागायचे, अशी ती निवड होती, आणि काँग्रेसने दुसरा मार्ग पत्करला.

1944 चा कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो

1 जुलै 1944 रोजी कंत्राट-निपटारा कायदा संमत झाला. त्याने ऑफिस ऑफ कॉन्ट्रॅक्ट सेटलमेंट हे नवे कार्यालय निर्माण केले आणि युटा राज्याचे रॉबर्ट हिंकली त्याचे संचालक झाले. इथे अनेकांचा गैरसमज होतो म्हणून स्पष्ट सांगतो: या कार्यालयाचे काम स्वतः कंत्राटे मिटवण्याचे नव्हते. संचालकाने सर्व खात्यांना बंधनकारक असे नियम आणि धोरण ठरवायचे. हिशेब मिटवायचा तो ज्या त्या कंत्राट देणाऱ्या खात्याने, म्हणजे युद्ध खाते, नौदल, व्यापारी जहाजे बांधून घेणारे मेरिटाइम कमिशन यांसारख्या संस्थांनी. एकाच कंपनीला चार खात्यांची कंत्राटे असत आणि प्रत्येक खात्याचा नियम वेगळा असता तर गोंधळ माजला असता. म्हणून नियम एका ठिकाणी आणि निर्णय अनेक ठिकाणी, अशी ही विभागणी केली होती.

खात्याने कंत्राटदाराशी केलेला समझोता अंतिम आणि निर्णायक मानला जाई. त्याला अपवाद मोजके होते: लबाडी झाली असेल तर, समझोत्यातच एखादा मुद्दा राखून ठेवला असेल तर, दोन्ही पक्षांनी संमतीने बदल केला तर, किंवा जादा नफा परत घेण्याच्या वेगळ्या कायद्याखाली फेरतपासणी झाली तर. कंट्रोलर जनरलला पैसे दिल्यानंतर कागद तपासण्याचा अधिकार राहिला, पण तो लबाडी शोधण्यापुरता. खात्याने केलेला सौदा अधिक घासाघीस करून करता आला असता, एवढ्या कारणाने तो मोडण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही.

रक्कम कशी ठरे, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका कारखान्याला प्रत्येकी 50 डॉलरच्या 10,000 नगांचे कंत्राट आहे. 6,000 नग पोहोचवले आणि त्यांचे पैसे मिळाले, तेवढ्यात समाप्तीची तार आली. तार मिळताच कारखान्याने काम थांबवायचे, आपल्या पोटकंत्राटदारांना दिलेली मागणी रद्द करायची आणि जागेवरच्या मालाची यादी करायची. यादीत 500 पूर्ण तयार नग निघाले. त्यांचे करारातील दराने 25,000 डॉलर झाले. हात न लावलेला कच्चा माल 15,000 डॉलरचा आणि अर्धवट नगांवर झालेली मजुरी व इतर उत्पादनखर्च 45,000 डॉलरचा. पहिला मार्ग बोलणी करून एक रक्कम ठरवण्याचा. ती जमली नाही तर एकसारख्या कलमातील सूत्र लागू होई: प्रक्रिया न झालेल्या मालावर 2 टक्के नफा, उरलेल्या खर्चावर 8 टक्के, पण दोन्ही मिळून एकूण खर्चाच्या 6 टक्क्यांपेक्षा अधिक नाही. आपल्या उदाहरणात हा नफा 300 आणि 3,600 मिळून 3,900 होतो, पण 60,000 च्या 6 टक्के म्हणजे 3,600 एवढाच मान्य होईल. एकूण 88,600 डॉलर. कच्चा माल कंत्राटदाराने स्वतःकडे ठेवला तर त्याची किंमत यातून वजा होई, आणि हिशेब तयार करण्याचा वाजवी खर्च वेगळा मिळे. ज्या नगांचे काम सुरूच झाले नव्हते, त्यांच्यावर नफा शून्य. प्रामाणिकपणे केलेल्या कामाचा मोबदला मिळतो, न केलेल्या कामाचा मिळत नाही, हे तत्त्व या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

यापेक्षाही मला या कायद्यातील अंतरिम पैशांची तरतूद महत्त्वाची वाटते, कारण अंतिम रक्कम ठरायला कितीही घाई केली तरी काही महिने लागतातच. तयार नगांची पूर्ण किंमत आणि कच्चा माल, मजुरी व उत्पादनखर्च यांच्या 90 टक्के इतकी रक्कम आगाऊ देण्याची सोय कायद्याने केली, आणि अर्जानंतर 30 दिवसांत ती मिळावी असे उद्दिष्ट ठेवले. वरच्या उदाहरणात कंत्राटदाराच्या हाती लगोलग 79,000 डॉलर येतील आणि वाद उरेल तो शेवटच्या 9,600 डॉलरचा. थकलेल्या रकमेवर सरकार दरसाल अडीच टक्के व्याज देई. बँकांनी दिलेल्या कर्जाला सरकारी हमीही मिळत असे. ज्याच्या हातात बहुतेक पैसे आले आहेत तो उरलेल्यासाठी शांतपणे बोलणी करू शकतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला मिळेल ते घेऊन गप्प बसावे लागते. त्यामुळे ही तरतूद केवळ सोयीची नव्हती, ती दोन्ही पक्षांना बरोबरीने बसवणारी होती.

जागा मोकळी करण्यासाठीही मुदत होती. कंत्राटदाराने मालाची यादी दिल्यापासून 60 दिवसांत सरकारने तो माल हलवायचा. तसे झाले नाही तर कंत्राटदाराला तो स्वतः हलवून सरकारच्या खर्चाने व जोखमीवर साठवता येई. पोटकंत्राटदारांसाठी मूळ साखळी कायम ठेवली, पण मधला दुवा कच्चा असेल तर खात्याला खालच्या कंत्राटदाराशी थेट हिशेब मिटवण्याची मुभा दिली, आणि ठरावीक रकमेपर्यंतचे छोटे दावे मूळ कंत्राटदारानेच मिटवावेत अशी सोय नियमांत केली. समझोता झालाच नाही, तर खात्याने लेखी निर्णय द्यायचा, आणि तो मान्य नसेल तर कंत्राटदाराने अपील मंडळाकडे किंवा न्यायालयाकडे जायचे. थांबवण्याचा अधिकार एकतर्फी होता, पण भरपाईवर शेवटी न्यायालयाचे छत्र होते, हे विसरता कामा नये.

डेंट कायद्याचा धडाही या वेळी आधीच गिरवला गेला. अधिकार असल्यासारखे वागणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबून ज्यांनी सद्भावनेने काम केले, पण ज्यांच्याकडे रीतसर करार नव्हता, त्यांनाही न्याय्य भरपाई देण्याचे स्वतंत्र कलम 1944 च्या कायद्यात होते.

आपल्याकडचा एक समांतर धागा

हा अनौपचारिक कराराचा प्रश्न भारतातही त्याच युद्धाच्या काळात उभा राहिला होता. 1944 मध्ये बंगालच्या नागरी पुरवठा खात्यासाठी बी. के. मंडल अँड सन्स या फर्मने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून आरामबाग परिसरात गोदामे आणि इतर बांधकामे केली. बांधकाम सरकारने वापरले, पण 1935 च्या भारत सरकार कायद्याला अपेक्षित असलेला रीतसर करार झालेला नव्हता, या कारणाने सुमारे 19 हजार रुपयांचे देणे नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर 1961 मध्ये लागला आणि तो बहुमताच्या वतीने लिहिला साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. करार वैध नाही हे मान्य करूनही त्यांनी 1872 च्या करार कायद्यातील कलम 70 कडे बोट दाखवले: फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, आणि सरकारही याला अपवाद नाही. न्याय दोन्हीकडे एकच झाला. फरक वेळेचा होता: युद्धविरामानंतर चार महिन्यांत अमेरिकेच्या काँग्रेसने जे कायद्याने दिले, ते मिळवायला मंडल फर्मला 17 वर्षे लागली.

तारांचा ऑगस्ट आणि त्यानंतर

ऑगस्ट 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि युद्ध खाते व नौदल यांच्याकडून कंत्राट-समाप्तीच्या तारा देशभर सुटल्या. युद्धाच्या सगळ्या काळातील समाप्त्या धरल्या तर सुमारे 3 लाख मूळ कंत्राटे आणि 60 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे न झालेले काम असा हा पसारा होता. तरीही पहिल्या युद्धानंतरची परिस्थिती पुन्हा आली नाही. नियम, कलमे, अर्जांचे नमुने आणि बोलणी करणारे प्रशिक्षित अधिकारी आधीपासून तयार होते. अनेक कंत्राटदारांनी, विशेषतः ज्यांना हातातला माल दुसरीकडे वापरता येत होता त्यांनी, काहीही मागणी न करता प्रकरण बंद केले. बहुसंख्य हिशेब सूत्र न वापरता बोलणी करूनच मिटले.

या अनुभवातून जन्मलेले समाप्तीचे कलम पुढे शांतताकाळातही टिकले आणि आज ‘सरकारच्या सोयीसाठी समाप्ती’ या नावाने अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी कंत्राटात असते. इतके की, लुइझियानातील फोर्ट पोल्क या लष्करी तळावरच्या घरांच्या कंत्राटात ते कलम लिहायचे राहून गेले होते, तरी 1963 मध्ये न्यायालयाने ते कायद्याने त्यात आहेच असे मानले. या विस्ताराविषयी मला शंका आहे. युद्धात गरज अचानक संपते हे खरे, म्हणून तिथे हा अधिकार आवश्यक ठरतो. पण घरबांधणीसारख्या कामात तोच अधिकार सरकारला स्वतःच्या अविचारी नियोजनाची किंमत दुसऱ्यावर टाकू देतो. न्यायालयांनीही 1982 पासून, हा अधिकार वापरताना सरकारवर सद्भावनेची अट किती कडक असावी यावर एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला कौल दिला आहे.

सोयीसाठी समाप्ती आणि कंत्राटदाराच्या कसुरीमुळे समाप्ती यांतला फरक किती मोठा असतो, हे नौदलाच्या ए-12 विमानाच्या प्रकरणात दिसते. ते कंत्राट 7 जानेवारी 1991 रोजी, कंत्राटदार मॅकडोनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स यांनी कसूर केली असे म्हणून संपवले गेले. कसूर ठरली तर झालेल्या खर्चाची भरपाई नाही, उलट आधी दिलेले पैसे परत मागता येतात. सोयीची समाप्ती ठरली तर सरकारने हिशेब करून द्यायचे. कंपन्यांनी त्याच वर्षी दावा लावला, तो 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आला, आणि दोन्ही कंपन्यांच्या वाट्याला मिळून सुमारे 40 कोटी डॉलरचा भार येईल असा समझोता जानेवारी 2014 मध्ये झाला तेव्हा काम थांबवून 23 वर्षे उलटली होती.